कमी न होणारं तेल

"पप्पा, परत सांडलंय बघा!" तनुजा पायरीवरूनच ओरडली.

सोमनाथने चहाचा कप कट्ट्यावर ठेवला आणि मोटरसायकलीखाली वाकून पाहिलं. फरशीवर तळहाताएवढा काळा डाग होता. कालच त्याने ती फरशी साबणाने घासली होती, इंजिनाच्या सांध्यातलं गॅस्केट बदललं होतं, आणि 'आता गळली तर नाव बदलीन' असं बायकोसमोर ऐटीत म्हटलं होतं. सोमनाथ वाळूजच्या एका कारखान्यात मशीन दुरुस्तीला होता. घरात नळाच्या तोटीपासून मिक्सरपर्यंत कशालाच तो बाहेरचा हात लागू द्यायचा नाही. पुंडलिकनगरमधले शेजारी तर बिघडलेले पंखे त्याच्याच दारात आणून टाकायचे. अशा माणसाची स्वतःची गाडी दारात गळत होती आणि त्याला लाज वाटायला लागली होती.

"सोमवारी जायचंय मला," तनुजा म्हणाली. तिला दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती. "होईल ना तोवर?"

"व्हईल. पण तू गाडी हळू चालव. काल कोपऱ्यावर मागचं चाक सरकलं तुझं, बघितलं मी. भावासारखी मस्ती नको."

आतून भाकरी थापण्याचा आवाज येत होता, तो थांबला. सोमनाथच्या ते ध्यानात आलं.

गाडी तनुजाच्या भावाची, शिवराजची होती. चार वर्षांपूर्वी, भर दुपारी, देवगाव रंगारीला चुलत्याकडे जाताना वेरूळच्या पुढच्या वळणावर त्याची गाडी घसरली आणि तो गेला. रस्ता कोरडा होता. पुढे वाहन नव्हतं, मागे नव्हतं. सोमनाथ तिथे जाऊन उन्हात रस्ता न्याहाळत बसला होता. त्याला ना खडी सापडली, ना वाळू. मग एकच कारण उरलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो तेच सांगायचा, "पोराला वेगाची मस्ती नडली." तो असं म्हणाला की त्याची बायको साळूबाई 'पोरगा जोरात नव्हता चालवत' म्हणत उठून आत जायची. पोराच्या मरणाचं दुःख होतंच, पण त्याच्यावरचा राग सोमनाथला जास्त जवळचा वाटायचा. राग धरून निदान जेवता तरी येत होतं.

गाडी ताडपत्रीखाली उभी राहिली. तिला तनुजानेच बाहेर काढलं. "दादाची गाडी मी चालवणार," म्हणाली, आणि कुणाचं ऐकलं नाही.

सोमनाथ नवं गॅस्केट आणायला पुन्हा शहागंजात गेला. स्पेअर पार्टवाला हसायला लागला. "क्या सोमनाथभाई, परसों तो लेके गए थे. तुम्हारा इंजिन गॅस्केट खाता क्या?"

तो घरी आला आणि ते बसवण्याआधी सवयीने इंजिनातलं तेल तपासलं. पट्टी बाहेर काढली, पुसली, परत घालून पाहिली. तेल काठोकाठ होतं. इतके दिवस गाडी गळत होती आणि आतलं तेल तसूभरही कमी झालं नव्हतं. आयुष्यभर त्याने यंत्रं उघडली होती, पण असला चक्रमपणा कुठल्या यंत्राने केला नव्हता.

संध्याकाळी त्याने डिझेल आणि ब्रशने अख्खं इंजिन धुतलं, फडक्याने कोरडं केलं आणि तनुजाचा पावडरचा डबा मागून घेतला.

"इंजिनला पावडर? पप्पा, तिला बघायला पाहुणे येणारेत का?" तनुजा हसत सुटली.

"जिथून गळतंय तिथं पावडर भिजती. मग चोर सापडतो," तो म्हणाला. साळूबाई दारात उभी राहून बघत होती.

गाडी चालू करून त्याने बराच वेळ धडधडू दिली. पावडर कुठेही भिजली नाही. वैतागून त्याने गाडी तशीच ठेवली आणि जेवून झोपला.

सकाळी आंघोळ करून टॉवेलवरच तो बाहेर आला आणि थबकला. पावडरमधून दोन ओघळ खाली आले होते. ते इंजिनाच्या अगदी माथ्यावरून सुरू होत होते. तिथे सांधा नव्हता, बोल्ट नव्हता, तेल यायला जागाच नव्हती. त्याने बोट लावलं. तेल पिवळं होतं. नाकाशी नेलं, तर वास ओळखीचा निघाला. दर हिवाळ्यात गावाकडून डबा यायचा, ते करडीचं तेल.

त्याची नजर ओघळाच्या मागे गेली. मागचं चाकही चमकत होतं. त्याने टायरवर अंगठा फिरवला आणि अंगठा गुळगुळीत सरकला. कोपऱ्यावर सरकलेलं चाक त्याच्या डोळ्यांपुढे आलं. तो तसाच स्वयंपाकघरात शिरला.

"साळू, गाडीवर तेल तू घालती?"

"व्हय," ती तव्यावरची नजर न काढता म्हणाली. "तुमी आंघोळीला गेले की घालते. भद्रा मारुतीला घालतो तसंच. लेकरू बसणार तिच्यावर. तिला शांत नको ठेवायला?"

अगं वेडे, तेच तेल चाकावर उतरतंय, पोरगी घसरून मरंल, असं सगळं त्याच्या तोंडाशी आलं. पण तीच पुढे बोलली.

"मला रागं भरू नका. शिवराजच्या टायमाला नुसतं शनवारचं घालायची, तिथंच चुकलं माझं. त्या दिवशी लांब जायचा म्हणून दोन वाट्या घातलं. चाकांना बी घातलं. तरी कोपली ती." तिने भाकरी उलटली. "म्हणून आता रोज घालते."

सोमनाथने दाराची चौकट धरली. वेरूळच्या पुढचं ते वळण त्याला दिसत होतं. जे त्याने रस्त्यावर शोधलं होतं, ते पोरगा घरूनच चाकाला लावून निघाला होता. चार वर्षं तो त्याला मस्तीखोर म्हणत आला. गावभर म्हणत आला. पोरगा बिचारा नीटच चालला असेल. आणि हे आता सांगायचं कुणाला? समोर, दोन हातांवर भाकरी थापत, त्याची आई बसली होती.

"काय झालं?" साळूबाईने वर पाहिलं. "तेलानं काय व्हतं का गाडीला?"

एक 'हो' म्हणायचा अवकाश होता.

"नाय," सोमनाथ म्हणाला. "तेलानं काय व्हतंय? जरा धूळ चिकटती, येवढंच."

तो बाहेर जाऊन टायर घासत बसला. साबण लावला, राख लावली, परत साबण लावला. पाणी स्वच्छ यायला लागलं तरी त्याचे हात थांबेनात.

"सापडलं का?" तनुजाने विचारलं.

"सापडलं. वायसर गेला व्हता."

"मग परवा चाक सरकलं ते?"

"त्याच्यानंच. तुझी चूक नव्हती," तो म्हणाला. मग खाली मान घालून पुन्हा म्हणाला, "चूक नव्हतीच."

दुपारी त्याने माळ्यावरून इंजिनाचं जुनं झाकण काढलं. अपघातात चेपलेलं ते झाकण गाडी दुरुस्त करताना त्याने बदललं होतं, पण त्याला ते टाकवलं नव्हतं. फाटकाजवळच्या मातीत ते उभं रोवून त्याने त्याला शेंदूर लावला. देवापुढे कधी हात न जोडणारा नवरा हे काय करतोय, ते साळूबाई तोंडाला पदर लावून बघत राहिली.

"शिवराजच्या गाडीचंच हाय हे," तो म्हणाला. "आता गाडीला नको, ह्याला घालत जा."

तिने जरा विचार केला. "पोचंल का पण?"

"पोचंल."

सोमवारी सकाळी साळूबाईने त्या झाकणावर वाटी रिती केली. तेल शेंदरावरून ओघळून मातीत जिरलं. तनुजाने गाडी चालू केली, आईला हात केला आणि निघाली. कोपऱ्यावर गाडी न घसरता वळली. सोमनाथने तोवर श्वास घेतला नव्हता.

"साळू," तो म्हणाला, "शिवराज जोरात चालवत नव्हता."

ती वळली. वाटी धरलेला हात तसाच राहिला. "चार वर्षं मी तेच सांगत व्हते. आज कसं पटलं?"

"इंजिन उघडलं तवा कळलं. गाडीचाच दोष व्हता. त्याचा नव्हता."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते तिने पुसलं नाही. "देवगावला जाऊन सांगताल? समद्यांना?"

"सांगंन."

तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. डिझेलने आणि राखेने तळवे भेगाळले होते. "काय करून घेतलंय हे! द्या इकडं," ती म्हणाली आणि वाटीच्या तळाशी राहिलेलं तेल बोटांवर घेतलं.

सोमनाथने दोन्ही हात पुढे केले.