कार्डावरचा नाताळ

या, असे जवळ या. मागे कशाला बसता, पुढे जाजम रिकामं आहे. लेकरांना मांडीवर घ्या, पान लावायचं असेल तर आत्ताच लावा, कारण एकदा सुरुवात झाली की मधे कुणी उठायचं नाही. गोष्ट नाताळची आहे, आपल्या काळाचौकीची आहे. आणि देवाच्या अंगणातलं जाजम गुंडाळून तिथे खुर्च्या मांडणाऱ्या एका अतिशहाण्याची आहे. हसू आलं तर हसा. अशा माणसाला हसण्यात पाप नाही.

द्वैभाषिकाचं लचांड मुंबईच्या गळ्यात पडून वर्ष झालं होतं. गिरणगावात रोज सभा, रोज मोर्चा, कोळशाने आणि गेरूने रंगलेल्या भिंती. अशा दिवसांत एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर कौसल्या राहायची. नवरा राजाराम गिरणीत फिटर, नाताळच्या आठवड्यात दुसऱ्या पाळीला. पदरात दोन मुली, नऊ वर्षांची नलू आणि सहा वर्षांची सुनेत्रा. आणि सासरे कुशाबा. घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती, पण अख्खी चाळ कुशाबांना 'बुवा' म्हणायची, कारण ते कीर्तन करायचे.

कीर्तन येशूचंच, पण थाट सगळा आपला. डोक्याला पगडी, खांद्यावर उपरणं, आधी नमन, मग निरूपण, मग आख्यान. चाळीमागच्या कौलारू चर्चच्या अंगणात तीस वर्षं दर नाताळच्या संध्याकाळी ते उभे राहिले होते. बेथलेहेमची वाट ते अशी सांगायचे की ऐकणाऱ्याच्या पायाला खडे टोचावेत. उजव्या हातात चिपळ्या असायच्या, म्हणून ओळ गाऊन झाली की डावा हात वर करायचे. तो हात वर गेला की मागे झांजा घेऊन उभ्या असलेल्या पोरांनी तीच ओळ दोनदा उचलून धरायची. नलू चार वर्षांची असल्यापासून ध्रुपद धरत होती. सुनेत्रा तर चालायला लागायच्या आधी आजोबांचा डावा हात ओळखायला शिकली होती.

आता चिंतामणी. हा राजारामचा चुलतभाऊ, बॅलार्ड पिअरला बोटीच्या एका कंपनीत हेडक्लार्क, आणि त्या वर्षी नुकताच चर्चचा सेक्रेटरी झालेला. भर मे महिन्यात कोट घालणारा माणूस. निव्वळ मराठी तो फक्त मोलकरणीशी आणि देवाशी बोलायचा, आणि देवाशीही अलीकडे कमी केलं होतं. साहेब शिंकला तर हा रुमाल काढायचा. साहेब मायदेशी कधी जाणार ते साहेबाला ठाऊक नसेल, पण हा त्याआधीच रडून मोकळा झाला होता.

डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात तो कौसल्येकडे आला. खुर्ची पुसून बसला.

"वहिनी, यंदा आपला ख्रिसमस प्रॉपर होणार. आमचे बडे साहेब आणि मेमसाहेब येतायत."

"येऊ देत की, भाऊजी. बुवांचं आख्यान ऐकतील."

चिंतामणीने असा चेहरा केला की जणू चहात माशी पडली. "तेच सांगायला आलोय. ते झांजा, पगडी, ते आरडणं... साहेब काय म्हणतील? हे ख्रिश्चन की गोंधळी? मुलांचं इंग्लिश साँग ठेवलंय. मी स्वतः फादर ख्रिसमस होणार. आणि एंट्री कार्डावर. चाळीतले ते 'झालाच पाहिजे'वाले आत घुसायला नकोत."

"कार्डावर? शेवंतीताई दर वर्षी पुढे बसतात."

"म्हणूनच. मुंबई कॉस्मोपॉलिटन आहे, वहिनी. साहेबही तेच म्हणतात." मग त्याने आवाज खाली आणला. "नलूच्या शाळेचं माझ्या लक्षात आहे. त्या इंग्रजी शाळेच्या प्रिन्सिपॉलला साहेबांची एक चिठ्ठी गेली की जूनमध्ये पोरगी आत. फक्त काकांना तुम्ही सांगा. माझ्या तोंडून वाईट दिसेल."

वाईट दिसेल! माणसाला स्वतःचा घाणेरडा हात दिसत असतो, म्हणून तो दुसऱ्याचा हात मागतो. आणि कौसल्येने दिला. इथे तिची बाजू घ्यायची नाही. नलूने इंग्रजी शाळेचा निळा पट्टा लावावा, ट्राममधून उतरताना 'थँक्यू' म्हणावं, हे ती दोन वर्षं मनात घोळवत होती. त्या पट्ट्याने तिच्या जिभेला गाठ मारली.

संध्याकाळी कुशाबा झांजांच्या दोऱ्या बदलत बसले होते. ती म्हणाली, "मामंजी, यंदा तुमचा खोकला फार वाढलाय. डॉक्टरांनी ओरडायचं नाही म्हटलंय. या वर्षी कीर्तन राहू दे."

म्हाताऱ्याने दोरीची गाठ पुरी केली. "बरं," म्हणाले. झांजा फडक्यात बांधल्या आणि फळीवर ठेवल्या.

डॉक्टरांनी असलं काही म्हटलं नव्हतं.

मग तीन आठवडे नलू आणि सुनेत्रा चर्चच्या पेटीभोवती उभ्या राहून इंग्रजी गाणं पाठ करू लागल्या. त्यातल्या बर्फाचा अर्थ सुनेत्राने विचारला, तेव्हा चिंतामणीने फूटपट्टी पेटीवर आपटून सांगितलं, "अर्थ नको. प्रोनन्सिएशन." तेवढ्या बोलण्यात त्या माणसाचं सगळं चरित्र आलं.

घरी फराळाची गडबड होती. शेजारची शेवंती, मालवणकडची, दर वर्षीप्रमाणे करंज्या लाटायला आली. दिवाळीला कौसल्या तिच्याकडे लाटायची, नाताळला ती हिच्याकडे. सारण भरता भरता ती म्हणाली, "काय गो कौसल्या, औंदा बुवांचा कीर्तान नाय?"

"तब्येत बरी नाही त्यांची."

"आणि ता कार्ड कसला? आमचो धोंडू सांगत होतो, दारार माणूस उभो रवतलो म्हणून. आमी काय चोर?"

"चिंतामणी भाऊजींनी ठरवलंय."

"त्येका म्हणा, तुझ्या देवाच्या जन्माक कोण इलेले? मेंढरावाले इलेले. बुवांनीच सांगितलेला. त्यांच्याकडे होता कार्ड?"

कौसल्येने करंजीची कड इतकी दाबली की ती फाटली. शेवंतीने तिच्या हातातून घेऊन दुरुस्त केली आणि पुढची पारी लाटायला घेतली.

नाताळचा दिवस उजाडला. सकाळची उपासना झाली. संध्याकाळी पाचला चर्चच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. पुढच्या दोन खुर्च्यांवर गाद्या. करंज्या आणि शंकरपाळ्यांची ताटं चिंतामणीने आतल्या खोलीत लपवली होती. टेबलावर फक्त केक, तोही असा सुका की पाळकसाहेबांना दोनदा पाणी मागावं लागलं. दारात कार्ड तपासायला माणूस. कठड्याबाहेर चाळीतली माणसं उभी राहिली, थोडा वेळ बघितलं आणि घरी गेली. शिव्याही दिल्या नाहीत. कुशाबा आलेच नाहीत. मुलींच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले होते, "नीट उभ्या राहा. म्हणणाऱ्याकडे लक्ष ठेवा."

साहेब आले. बिचारं साधं, लाल चेहऱ्याचं जोडपं होतं. कधी एकदा घरी जातो असं त्यांना झालं होतं. मग पडद्यामागून चिंतामणी निघाला. अंगात लाल फ्लॅनेल, पायात बूट, तोंडाला इस्पितळातल्या कापसाची दाढी, उजव्या खांद्यावर गोणपाटाचा फुगलेला थैला. तान्ही मुलं भोकाड पसरून रडली. मागे नलू, सुनेत्रा आणि आणखी सहा मुलं रांगेत.

मंडळींत कुजबुज होती. ती थांबवायला चिंतामणी मोठ्याने म्हणाला, "वेलकम सर, वेलकम मॅडम!" आणि गप्प बसा म्हणून त्याने हात वर केला. उजव्या हाताने थैला धरलेला. म्हणून डावा.

तालमीत कधी हे झालं नव्हतं, कारण तालमीत हा पेटीशी बसलेला, हातात फूटपट्टी. आता पुढे उभा राहून एकाने ओळ टाकली होती आणि डावा हात वर गेला होता. नलूने क्षणभरही विचार केला नाही. तिने सूर लावला, सुनेत्राने टाळी धरली, बाकीची सहा मुलंही बुवांच्याच हाताखालची.

"वेलकम सर, वेलकम मॅडम! वेलकम सर हो, वेलकम मॅडम!"

दोनदा, खणखणीत, कीर्तनाच्या चालीत.

चिंतामणी गर्रकन वळला. "सायलेन्स!" हात पुन्हा वर.

"सायलेन्स हो, सायलेन्स!"

"स्टॉप धिस नॉन्सेन्स!"

"स्टॉप धिस नॉन्सेन्स हो..."

मंडळी फुटली. पाळकसाहेबांच्या तोंडातला केक बाहेर आला. म्हाताऱ्या जाईबाई खुर्चीवरून घसरल्या त्या हसतच घसरल्या. साहेबांना वाटलं, हाच कार्यक्रम. ते टाळ्या वाजवत म्हणाले, "वंडरफुल!" आणि जितका चिंतामणी हात हलवी, तितकी पोरं रंगात येत. तीन आठवड्यांनी त्यांना पहिल्यांदा कळलं होतं की काय करायचं आहे.

मग त्याने सुनेत्राच्या कानाखाली लावली.

हसणं थांबलं. पोर रडली नाही. हात अजून वर आहे का, एवढंच तिने बघितलं. चिंतामणीची दाढी एका कानावर लोंबत होती. तो दात आवळून मराठीत म्हणाला, "जंगली कुठली! म्हाताऱ्याची कार्टी!"

कौसल्या उठली. खुर्च्यांच्या रांगा ओलांडत पुढे गेली आणि दोन्ही मुलींचे हात धरले.

"वहिनी, साहेबांसमोर तमाशा नको. चिठ्ठीचं लक्षात आहे ना?"

"आहे ना, भाऊजी. तिची गुंडाळी करून त्या थैल्यात घाला. तोही तुमच्यासारखाच, भरायला तेवढी पुरेल." आणि जाता जाता म्हणाली, "दाढी सावरा. साहेबांना तोंड दिसतंय."

ती अंगणातून बाहेर पडली. जिना मात्र ती सावकाश चढली. चिंतामणीला तोंडावर बोलणं सोपं होतं. तो कोण, एक फुगलेला थैला. वर जो माणूस बसला होता, त्याच्याशी बोलायचं होतं.

कुशाबा खाटेवर पेज पीत होते. ती दारातच उभी राहिली.

"मामंजी, खोकल्याचं मी खोटं बोलले. नलूच्या शाळेच्या चिठ्ठीसाठी तुम्हाला घरी बसवलं."

"ठाऊक आहे." त्यांनी वाटी खाली ठेवली. "खोकला मला बावीस वर्षं आहे. तुला यंदाच ऐकू आला, तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"चिंत्या बोलला असता तर बोललो असतो. त्याचं काय, तो जन्मात कधी जाजमावर बसला नाही, त्याच्या पँटीची इस्त्री मोडते. पण तू लग्न होऊन आलीस त्या वर्षापासून पहिल्या रांगेत बसायचीस. आख्यान चुकलं तर मी तुझ्या तोंडाकडे बघायचो. तिथून 'नको' आलं म्हटल्यावर मी कुणासाठी उभा राहू?"

कौसल्येने पदराने डोळे पुसले नाहीत, तेवढा हक्कही तिला वाटला नाही. फळीवरचं फडकं काढलं, झांजा त्यांच्यासमोर ठेवल्या आणि जमिनीवर बसली. पहिल्या रांगेत बसायची तशी.

"माझ्यासाठी नको," ती म्हणाली. "मी त्या लायकीची नाही राहिले. पण आज या पोरीला मारलं, तुमचं शिकवलेलं नीट केलं म्हणून. तिला सांगा तरी, की ती चुकली नाही."

म्हाताऱ्याने सुनेत्राचा लाल गाल बघितला. मग म्हणाले, "माझी पगडी कुठाय?"

चाळीच्या चौकात शेवंतीने घरातली सतरंजी आणून टाकली. धोंडूने गिरणीतून आलेल्यांना हाका मारल्या. बातमी चर्चच्या अंगणात पोचली, आणि एकेक खुर्ची रिकामी होऊ लागली. पाळकसाहेब आले ते आतल्या खोलीतून करंज्यांची ताटं सोडवून घेऊनच. जाईबाई आल्या. शेवटी त्या अंगणात साहेब, मेमसाहेब आणि त्यांना न संपणारा केक वाढणारा फादर ख्रिसमस एवढेच उरले. साहेबाने म्हणे विचारलं, "सगळे कुठे गेले?" चिंतामणीने सांगितलं, "दुसरा कार्यक्रम आहे, सर. लोअर क्लासचा."

चौकात बुवांनी आख्यान लावलं ते धर्मशाळेचं. जिथे मरिया आणि योसेफ जागा मागायला आले आणि जागा मिळाली नाही. धर्मशाळेच्या मालकाची त्यांनी अशी नक्कल केली, गळ्यात टाय आवळल्यासारखी मान ताठ, "कार्ड आहे का? कार्ड?" की गिरणीवाले गडाबडा लोळले. पण मग आवाज खाली आणून म्हणाले, "मंडळी, त्या घरात एक बाईही होती. कोपऱ्यात जागा आहे हे तिला ठाऊक होतं. ती गप्प बसली. का? तिला लेकरं होती, आणि आतल्या बड्या पाहुण्यांकडून त्यांचं भलं व्हायचं होतं." ते कुणाकडेच बघत नव्हते. "देव तिच्यावर रागावला नाही. गोठ्यात जन्मला. त्याला ठाऊक होतं, ती उशिरा का होईना, दिवा घेऊन येणार." डावा हात वर गेला, मुलींनी ध्रुपद धरलं, आणि पहिल्या रांगेतली कौसल्या तोंडात पदर कोंबून रडली.

चिठ्ठी गेली नाही, हे सांगायला नको. नलू म्युनिसिपालिटीच्याच शाळेत शिकली. चिंतामणी पुढच्या वर्षी साहेबांच्या चर्चमध्ये जाऊ लागला. तिथे त्याला मागच्या बाकावर बसवत, आणि तो ते अभिमानाने सांगायचा. कुशाबा पुढचा नाताळ बघायला राहिले नाहीत. मुंबई महाराष्ट्राची झालेली बघायलाही नाहीत.

तेव्हा एवढंच मागणं. नाताळ असो नाहीतर कुठलाही सण, तुम्ही जाजम अंथराल आणि दारात कुणी अवघडून उभं राहील, त्याला आत घेताना त्या म्हाताऱ्या बुवाची आठवण करा. चिंतामणीची नाही केलीत तरी चालेल. ते काम तो हयातभर स्वतःच करत होता.