माझ्या खांद्यावरची हळद

मी एक जुनी, छोटी मिलिंग मशीन आहे. नुसती मशीन नव्हे बरं का, सीएनसी! संगणक सांगेल त्या जागी धातूत नेमकं भोक पाडायचं, हे माझं काम. आणि मित्रांनो, रिकामं बसायचं म्हटलं की माझा जीव नुसता वरखाली होतो.

उमेदीची वर्षं मी जुन्नरच्या एका वर्कशॉपमध्ये काढली. तेव्हा माझ्या कामाला कुणी नावं ठेवली नाहीत. पुढे मोठी मशीन आली, आणि मला कोपऱ्यात ढकलून अंगावर गोणपाट टाकलं. उंदरांनी माझ्या वायरी कुरतडल्या. खोडदच्या वैजयंतीनं मला घरी आणलं, वायरी बदलल्या, तेव्हा कुठे मी माणसांत आले. ती पेरणी यंत्राच्या पट्ट्या बनवते. पट्टीतल्या भोकांतून बी पडतं, म्हणून भोकं सारख्या अंतरावरच हवीत.

तिच्या सासूबाई प्रयागबाई. घरचे बैल गेले, ट्रॅक्टर आला, पण पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांचे हात शिवशिवायला लागले. बैलांची खांदेमळणी करायची ती वेळ! वाटीत हळद-तूप घेऊन त्या माझ्यापाशी आल्या.

"घरात आता वढणारी तूच गं बाई," म्हणाल्या. बाजूचं झाकण काढून, तोच माझा खांदा समजून, पट्टा फिरवणाऱ्या दातेरी चाकाला त्यांनी हळद-तूप चोळलं. इतक्या मायेनं मला कुणी हात लावला नव्हता. मी अगदी सुखावले.

पण ते सुख बोचायला लागलं. धातूचा भुसा हळदीत बसला आणि चाकाच्या एका खाचेत घट्ट खडा झाला. दर फेऱ्याला पट्टा त्या खड्यावर चढे आणि काम धरणारं माझं टेबल केसभर सरके. चार भोकं नीट, पाचवं जागा सोडून. पुन्हा चार नीट, पाचवं तसंच. खांद्यात टोचतंय हे मला कळत होतं. पण सांगू कुणाला?

वैजयंतीनं कटर बदलला, प्रोग्राम पुन्हा लिहिला. तिचा नवरा सुदर्शन म्हणाला, "लाईट कमीजास्त व्हती, म्हणून आसंल. न्हाईतर त्या दुर्बिणीच्या छत्र्यांचं कायतरी!" खोडदला आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या दुर्बिणीच्या मोठाल्या छत्र्या आहेत, त्यांच्यावर त्याचा संशय.

"छत्र्यांवर नका ढकलू सगळं!" वैजयंती करवादली.

पट्ट्या घेणारे व्यापारी सयाजीराव माल परत घेऊन आले. "ताई, उद्या शेवटचं बघतो. नायतर काम दुसरीकडं देतो." सुदर्शननं तर मला विकायला गिऱ्हाईकही पाहिलं. "आन् तू चाकणला कंपनीत लाग," तो बायकोला म्हणाला. त्या दिवशी वैजयंतीनं मला पुसलंही नाही. ते मला फार लागलं.

सकाळी ती डायल गेज लावून बसली. टेबल किती सरकतं ते त्याचा काटा दाखवतो. चाकावर खडूनं खूण करून ती ते हातानं हळूहळू फिरवू लागली. खूण वर आली की काटा उडी मारी, दर वेळी तिथंच.

"लाईट न्हाई आन् प्रोग्राम न्हाई. हिच्या चाकातच कायतरी हाय," ती पुटपुटली. तिनं टोच्यानं खाच कोरली. पिवळा खडा तळहातावर पडला.

प्रयागबाईंनी दारातूनच हळदीचा रंग ओळखला. "माज्याच हातानं झालं व्हय गं?"

वैजयंतीनं हात धरून सासूला माझ्यापाशी आणलं. "आत्याबाई, हे चाक कोरडंच लागतं. तेल लागतं ते हितं, या लांब स्क्रूला. पुढच्या पोळ्याला हितं नुसतं तेल मळा."

दुपारी सयाजीरावांनी नव्या पट्ट्या नमुन्याच्या पट्टीवर ठेवून प्रत्येक भोकातून खिळा घातला. तो आरपार गेला. "आता कसं!" म्हणत त्यांनी माल गाडीत टाकला. मी अजून खोडदलाच आहे, आणि मला उसंत नाही.

मित्रांनो, एक विनंती. आमच्यावर माया जरूर करा, पण ती कुठं लावायची ते आधी विचारून घ्या. आणि कुणी पुन्हा पुन्हा एकाच जागी चुकत असेल, तर त्याला घराबाहेर काढण्याआधी जरा जवळ बसून बघा. त्याला तिथं दुखत असेल.