न्हावऱ्याच्या चौकातला फ्लेक्स

फ्लेक्सवर आपला फोटो लागावा असं सायलीला कधी वाटलं नव्हतं. तिच्या वडिलांना मात्र फार वाटत होतं. वडगाव रासाईच्या हौसरावांनी पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर कोपऱ्यात 'शुभेच्छुक' म्हणून उभं राहण्यात उभा जन्म घालवला. मधोमध आपल्या घरचं माणूस असावं ही हौस तेवढी राहून गेली होती, आणि लेक तर पुण्याच्या विद्यापीठात पीएचडी करत होती.

तिचा विषय होता देश सोडून आलेल्या बायका. केडगावजवळ सिंधूबाई अशा बायकांसाठी एक छोटी संस्था चालवायच्या. राहायला खोल्या, शिवणकाम, पोरांना शाळा. विद्यापीठाच्या माणसांना त्या दारात उभं करत नसत. "येत्यात, रडवत्यात, लिहून घेत्यात आन् जात्यात," म्हणायच्या. सायली वर्षभर तिथे भाजी निवडत आणि काजं-बटणं करत बसली, तेव्हा कुठे विद्यापीठ आणि संस्थेचा करार झाला. अभ्यास दोघांनी मिळून करायचा, पण बायकांची नावं, चेहरे आणि गाव बाहेर जाऊ द्यायचं नाही.

सगळ्यांत शेवटी बोलली ती जरमीना. अफगाणिस्तानातून ती पोरीला, मरियमला, घेऊन दिल्लीला आली. मरियम पुरती बारा वर्षांचीही नव्हती आणि दिराने तिला एका उतारवयाच्या माणसाला देऊ केलं होतं. तो दीर दिल्लीतही माग काढत पोचला, म्हणून मायलेकी इथे आल्या. सायलीने तिचं बोलणं रेकॉर्ड केलं, नाव बदललं, रेकॉर्डिंगला पासवर्ड घातला. तिथे तिने तसूभर कसूर केली नाही. कामापुरती ती मोठी नेकीची होती.

रेकॉर्डिंग संपलं त्या दिवशी चहा झाल्यावर जरमीना आपणहून म्हणाली, "एक तस्वीर हमारी भी. बस तुम्हारे पास रहे." सायली आणि मायलेकी, तिघी हसत उभ्या राहिल्या. संध्याकाळी आनंदाच्या भरात सायलीने तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. घरचे म्हणजे काय परके? एवढाच विचार तिने केला, आणि तोही धड केला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी चुलतभावाने, दत्ताने, मोबाईलवर पाठवलं: 'ताई, चौकात राडा!' खाली न्हावऱ्याच्या चौकातला फ्लेक्स. सायली मधोमध, शेजारी जरमीना आणि मरियम, दारासारखे मोठे चेहरे. 'परदेशी भगिनींच्या सेवेत, केडगाव. आमची कन्या सायली हिचे हार्दिक अभिनंदन!' सायलीची पाचावर धारण बसली.

"आबा, आत्ताच्या आत्ता उतरवा तो!"

"का गं? आपल्या गावात कोण बघतंय, म्हणून मुद्दाम न्हावऱ्याला लावला. परदेशी बाई हाय, भारदस्त दिसतंय. लोकं स्टेटसला ठेवाया लागल्यात."

"आबा, तिच्या जिवाशी खेळ झाला."

हौसराव बारीक आवाजात म्हणाले, "मला कुणी सांगितलंच न्हाई, बाळा." ते खरंच होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, रागावणार तरी कुणावर?

दुपारी फ्लेक्स उतरला. आता केडगावला जाऊन सांगायचं होतं. पण सिंधूबाई करार मोडतील, विद्यापीठात चौकशी लागेल, प्रबंध बुडेल. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला समजावत सायली चार दिवस पुण्यातच बसली. जेवण गोड लागत नव्हतं, पण गेली नाही. पाचव्या दिवशी सिंधूबाईंचाच फोन आला. "जरमीना निघाली. भेटायचं आसंल तर ये."

ती पोचली तेव्हा खोलीत दोन पिशव्या बांधलेल्या होत्या. मरियम वर्गातल्या मैत्रिणीची वही परत करायला गेली होती. सायलीने तोंड उघडण्याआधीच जरमीना म्हणाली, "मैंने देखा था. उसी सुबह. डॉक्टर के पास शिरूर जा रहे थे, बस की खिड़की से."

"फिर बोली क्यों नहीं?"

"सोचा, तुम खुद आओगी. चार दिन दरवाज़ा देखा."

सायलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फ्लेक्स वडिलांनी लावला होता, पण हे चार दिवस तिचे स्वतःचे होते. ती रडायला लागली आणि त्याचीही तिला लाज वाटली, कारण पाणी द्यायला उठली ती जरमीनाच.

"तुम्हारे अब्बा बुरे नहीं. खुश बाप ऐसा ही करता है," ती म्हणाली. मग दार लोटून घेतलं. "एक काम करोगी? मेरी आवाज़ मिटा दो. जो सुनाया था, सब."

सायली 'हो' म्हणणारच होती. पण तेवढ्यात तिच्या मनात आलं, चौथं प्रकरण अख्खं तिच्या बोलण्यावर उभं आहे. क्षणभरच. जरमीनाने तो क्षण पाहिला.

"रहने दो," ती म्हणाली आणि पिशव्या उचलल्या.

"नहीं, मिटा दूँगी, सच्ची..."

मरियम धावत आली आणि हसून सायलीला बिलगली. तिला बहुतेक काही सांगितलेलं नव्हतं. बाहेर सिंधूबाईंनी ठरवलेली रिक्षा उभी होती. कुठे जाताय हे सायलीने विचारलं नाही. तो अधिकार आता तिचा नव्हता.

त्याच संध्याकाळी तिने रेकॉर्डिंग पुसलं, प्रतही ठेवली नाही. मग ते सांगायला जरमीनाचा नंबर लावला. तो बंद होता. सिंधूबाईंना नवा मागितला, तर त्या म्हणाल्या, "तुला देऊ नको म्हणालीया."