खोपटावरची रेंज

वाटणीच्या वेळी थोरल्या गारुफालियानं राहता दगडी बुरूज स्वतःकडे ठेवला आणि विधवा जाऊ स्तामातिकीच्या गळ्यात समुद्राकडचं कोंबड्यांचं खोपट मारलं. सात वर्षं स्तामातिकी तिथंच चूल पेटवत होती आणि दात-ओठ खात होती.

बुरुजाच्या हातभर जाड भिंतींतून मोबाईलची रेंज काही आत शिरेना. अथेन्सच्या नातवाला फोनवर बघायचं, तर अँटेना खोपटाच्या छपरावरच लागेल, असं कारागिरानं सांगितलं. गारुफालिया नाक मुठीत धरून खाली आली.

"बसवा की, जाऊबाई," स्तामातिकी म्हणाली. "फक्त अँटेनाच्या यंत्राचा प्लग माझ्या भिंतीत राहील."

रविवारी फोनवर सून आणि नातू दिसले आणि वरच्या खिडकीतून गारुफालियाचा आवाज खणखणला, "अगं सूनबाई, धाकटीला काय, आम्ही दया म्हणून ठेवलंय!"

स्तामातिकीनं प्लग उपसला.

"हॅलो? हॅलो?" गारुफालियानं खिडकीतून डोकं काढलं. "अगं, रेंज गेली!"

"गेली कुठं? ही काय, माझ्या हातात आहे," स्तामातिकीनं प्लग उंचावला. "मला खोपटात कसं ढकललंत, ते सूनबाईला सांगणार असाल तर लावते. मोठ्यानं सांगा. मी इथंच उभी आहे."