फुगेवालीच्या दोन बाटल्या

गळ्याची शप्पथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझे उरलेले दातही पडोत!

तर त्या दिवशी फुगेवाली प्रयोगशाळेत एका जागी बसेना. हे नाव तिला पडलं ते पाणी तपासायच्या तिच्या रीतीवरून. रीत अशी, की बाटलीत नमुन्याचं पाणी, साखर, चिमूटभर यीस्ट घालायचं आणि तोंडावर फुगा चढवायचा. यीस्ट भलतं खादाड. साखर हादडतं, ढेकरा देतं, फुगा टम्म! पण पाण्यात शिसं-बिसं, असलं जड धातूंचं विष असलं की ते मरगळतं, फुगा लोंबतो. शेजारी शुद्ध पाण्याचीही एक बाटली, ताडून बघायला.

आजचं पाणी तिच्या वडिलांच्या हातपंपाचं होतं. पंप म्हाताऱ्याने स्वतः खपून बसवलेला, अख्खी गल्ली त्यावर पाणी भरायची. पलीकडे लोखंडाला मुलामा देणारा कारखाना आला, तेव्हापासून त्याचं सांडपाणी पंपात उतरेल, ही हिला धास्ती. हिची लेक दिवसभर आजोबांकडेच असायची, तेच पाणी प्यायची.

"अगं बस की! पायाला भिंगरी लागलीय का?" शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली.

"बाबांचा फुगा लोंबतोय गं."

"दोन्ही लोंबतायत. यीस्टच शिळं असेल तुझं."

खरंच की! फुगेवालीला नाचावंसं वाटलं. तिने हात धुतले, पुन्हा धुतले, खिडकी उघडली, लावली. वळून बघते तर शुद्ध पाण्याचा फुगा हळूच मान वर काढतोय.

"बस खाली, मेल्या!"

तो कसला ऐकतोय! असा फुगला, की बाटली टेबलावरून वीतभर वर उचलली गेली. वडिलांचा फुगा तसाच लोंबत राहिला.

संध्याकाळी ती वडिलांकडे गेली.

"बाबा, पंप बंद करा. कुठला धातू ते मोठं यंत्र सांगेल, पण तोवर कुणी प्यायचं नाही."

"एका फुग्यावरून? तुला याच पाण्यावर वाढवलं मी!"

"तेव्हा कारखाना नव्हता, बाबा. आता तुमची नात पितेय."

म्हातारा उठला. पाना आणला, बोल्ट सोडवला, पंपाचा दांडा ओढून काढला. बादल्या घेऊन उभ्या असलेल्यांना खणखणीत आवाजात म्हणाला, "विष माझं नाही, पण पंप माझा आहे. आजपासून बंद!"

बरं, एक कबूल करते. बाटली उचलली गेली, ते खरंच. पण हे खणखणीत बोलणं माझ्या पदरचं. म्हातारा नुसता दांडा मांडीवर घेऊन पायरीवर बसला, आणि बादली घेऊन कुणी आलं, की प्रत्येकासाठी उठून, दांडा पुढे धरून उभा राहिला.