शिमाचेकांच्या दारातले बूट

मी पहिल्याच तासाला मुलांना सांगून टाकते, की माझ्याकडे रडून काही मिळत नाही. चेक देशातल्या ब्रनो शहरात, एका कला विद्यालयात मी आधुनिक वास्तुरचना शिकवते आणि दर उन्हाळी सत्रात मुलांकडून एकेका घरावर तीन मिनिटांची फिल्म करून घेते. नियम माझे, आणि ते थोडेच आहेत. घर जुन्या पांढऱ्या, चौकोनी, बिननक्षीच्या घरांपैकी हवं. फिल्ममध्ये शब्द नको, माणूस नको, माणसाची सावली नको आणि त्याचा पसाराही नको. ज्यांनी ही घरं बांधली त्यांनी एक खुंटीसुद्धा उगाच ठोकली नाही, तर तुम्ही कोण टिकोजीराव लागून गेलात, असं मी विचारते. मुलं माना डोलावतात आणि माझ्यामागे मला 'हेडविका खराटा' म्हणतात. मला ते ठाऊक आहे.

ब्लांका गेल्या वर्षी याच विषयात नापास झाली होती. तिच्या फिल्ममध्ये घर कमी आणि ढगच जास्त होते. आमच्याकडे दुसऱ्यांदा नापास झालं की नाव कटतं, आणि मग तिला गावी जाऊन मावशीच्या बेकरीत उभं राहावं लागलं असतं. पोरगी गबाळी, केसांना कधी कंगवा लागलेला नाही, पण भिंतीवर उजेड कसा सरकतो ते तिला दिसतं. हे शिकवून येत नाही. ती पास व्हावी असं मला मनापासून वाटत होतं, म्हणूनच मी सगळ्यांत जास्त तिच्यावर ओरडत होते.

तिला मी उतारावरचं शिमाचेकांचं घर दिलं. त्या घराच्या प्रवेशाच्या खोलीची छायाचित्रं मी व्याख्यानात वर्षानुवर्षं दाखवत आले आहे. पांढरी भिंत, पांढरं दार, दाराला एक गोल काच आणि खाली काळी फरशी, एवढंच. "यात काय कमी आहे ते सांगा," असं मी विचारते आणि पुढचं छायाचित्र लावते.

घरात ओल्ड्रिख शिमाचेक एकटेच राहायचे. घर त्यांच्या वडिलांनी बांधून घेतलेलं. बायको, आनेश्का, जाऊन काही वर्षं झाली होती. आता गुडघे जिना चढू देत नव्हते, म्हणून त्यांची मुलगी दाग्मार त्यांना आपल्याकडे ओस्ट्रावाला नेणार होती आणि घर विकायचं ठरलं होतं. ब्लांकाने परवानगी मागितली तेव्हा ते म्हणाले की काय हवं ते काढा, फक्त 'कोलाच', म्हणजे आमच्याकडचा खसखस भरलेला गोड पाव, खाल्ल्याशिवाय कोणी घराबाहेर पडायचं नाही.

चित्रीकरणाच्या दिवशी मी लक्ष ठेवायला म्हणून गेले. ब्लांकाने चार मित्र मदतीला आणले होते. पोरांनी खुर्च्या उचलल्या, पडदे काढले, शिमाचेकांची औषधं, चष्मे, रेडिओ सगळं स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. शेवटच्या दृश्यासाठी तिने कॅमेऱ्याची तिकाटणी एका घोंगडीवर उभी केली आणि ती घोंगडी गुळगुळीत लाकडी जमिनीवरून हळूहळू ओढायला लावली, म्हणजे कॅमेरा बैठकीतून तरंगत निघून थेट प्रवेशाच्या दारापाशी जाऊन थांबेल. आम्ही बाकीचे स्वयंपाकघरात लपलो. शिमाचेक खोकला दाबत होते, मी त्यांना डोळ्यांनी दटावत होते, आणि आम्हा सगळ्यांच्या पायांत त्यांच्या टोपलीतल्या पाहुण्यांसाठीच्या सपाता होत्या. माझ्या वाट्याला गोंड्यांच्या आल्या होत्या.

नंतर ती फिल्म मी दोनदा तपासली. एका ठिकाणी रंग थोडा निळा वाटला तो दुरुस्त करायला सांगितला, एक दृश्य छाटायला लावलं. शेवटच्या दृश्याला मात्र हात लावू नकोस म्हटलं. गोल काचेतून येणारं ऊन दारावर असं काही उतरलं होतं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते मी तिला अर्थातच कळू दिलं नाही.

सत्राअखेरची परीक्षा सर्वांसमक्ष होते, आणि निकाल तिथल्या तिथे लागतो. परीक्षक आम्ही तिघं होतो. मी, कॅमेरा शिकवणारा लुबोर आणि इटलीतल्या मिलानहून आलेल्या पाहुण्या ओरसोलाबाई, ज्यांच्यासाठी लुबोर भाषांतर करत होता. सकाळीच मी विलेम नावाच्या मुलाला नापास केलं. त्याच्या फिल्ममध्ये गच्चीवर मांजराची शेपूट दिसत होती. तो म्हणाला, मांजर म्हणजे माणूस नव्हे. मी म्हटलं, पसारा आहे.

दुपारी ब्लांकाची पाळी आली. मागच्या रांगेत शिमाचेक कोट-टाय घालून बसले होते, शेजारी दाग्मार. फिल्म संपली. मी तर मनातल्या मनात पोरीला पास करून मोकळी झाले होते.

ओरसोलाबाईंनी चष्मा वर ढकलला आणि काहीतरी विचारलं. लुबोर भाषांतर करताना अडखळला. "त्या विचारताहेत, घर रिकामं आहे ना? मग दारात हे इतके लोक कोण?"

कुठले लोक, असं मी जरा तोऱ्यातच विचारलं. शेवटचं दृश्य पुन्हा लावलं. पांढरं दार, गोल काच, ऊन. आणि दाराखाली काळ्या फरशीवर, भिंतीला टाचा लावून, ओळीने बूट. चिखलाचे, कापडी, लाल नाड्यांचे, एक जोड तर टाचा चेपलेला.

मी ते दोनदा पाहिलं होतं. लुबोरने पाहिलं होतं. ब्लांकाने महिनाभर रात्रंदिवस पाहिलं होतं. आमच्याकडे दारातल्या बुटांकडे कोण बघतं? घर म्हटलं की दारात बूट असायचेच. ते दिसायला, जिथे लोक बूट घालूनच घरात वावरतात त्या मिलानहून बाई यावी लागली.

विलेम मागे भिंतीला टेकून उभा होता. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला.

लुबोर मवाळ माणूस. त्याने ब्लांकाला सुटायला वाट करून दिली. हे बूट मुद्दामच ठेवले होते ना, माणसाशिवाय माणूस दाखवायचा म्हणून, असं त्याने विचारलं. नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी तिच्याकडे बघून मनात म्हणत होते, म्हण बाई, हो म्हण.

"नाही सर," ब्लांका म्हणाली. "मला दिसलेच नाहीत. आम्ही आत गेलो, बूट काढले, कामाला लागलो. चूक झाली."

मला त्या क्षणी तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि एक ठेवूनही द्यावीशी वाटली. नियम माझा होता, सकाळी मांजराच्या शेपटीवर चालवलेला. पोरीचं नाव आता माझ्याच तोंडून कटणार होतं. वेळ काढायला म्हणून मी पडद्याजवळ गेले. ओळीच्या टोकाला, सगळ्यांत नीट लावलेले, तपकिरी, डाव्या टाचेला झिजलेले बूट होते. मी खाली पाहिलं. तेच बूट माझ्या पायांत होते. पोरांनीही खाली पाहिलं.

हसणारा पहिला विलेमच होता. मग सगळेच हसले, आणि मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

तेवढ्यात मागून शिमाचेक काठी टेकत उठले.

"प्राध्यापकबाई, ते बूट काढून टाकू नका," ते म्हणाले. "घर बांधणाऱ्याने दारात बूट ठेवायला जागाच केली नव्हती. आनेश्का जन्मभर कुरकुरली, आल्यागेल्याच्या बुटांना अडखळते म्हणून. ती गेल्यापासून तिथे माझा एकच जोड असतो. त्या दिवशी तुम्ही सगळी आलात, तर मला तो कपाटात ठेवावा लागला. जागा नव्हती म्हणून."

मग ते खाली बसले आणि दाग्मारने त्यांचा हात धरला.

यात काय कमी आहे ते सांगा, असं मी इतकी वर्षं विचारत होते. दिव्याखाली अंधार तो हाच. मी जाहीर केलं की नियम चुकीचा होता, ब्लांका पास आहे, आणि विलेम, तूही तुझ्या मांजरासकट पास. लुबोरने ओरसोलाबाईंना हे समजावून सांगितलं, तर त्या म्हणाल्या की मांजराची फिल्म मला पुन्हा बघायची आहे.

सप्टेंबरात शिमाचेकांचं सामान हलवलं. ब्लांका, तिचे मित्र आणि मी मदतीला गेलो. तिने कॅमेरा आणला होता. हमाल जड बुटांनी आतबाहेर करत होते, आणि आम्ही मात्र सवयीने दारात बूट काढून मोज्यांवर खोकी उचलत होतो. दुपारपर्यंत घर खरोखरच रिकामं झालं, अगदी माझ्या व्याख्यानातल्यासारखं. मला ते मुळीच आवडलं नाही.

शिमाचेक बाहेरच्या पायरीवर बसून बूट चढवून, नाड्या बांधून तयार झाले. गाडी सुरू झाली होती. एवढ्यात त्यांना आठवलं की चष्मा बैठकीच्या खिडकीत राहिला. मी आणते म्हटलं तर नको म्हणाले. एकदा बघून येतो.

"जा ना बाबा तसेच, बुटांनी," दाग्मार म्हणाली. "घर आता आपलं कुठे राहिलंय?"

ते दारापर्यंत गेले, थांबले, पुन्हा पायरीवर येऊन बसले आणि नाड्यांशी झटू लागले. गाठ सुटेना. दाग्मारने गाडीचं इंजिन बंद केलं.

मी पाणावलेल्या डोळ्यांनी मागे वळून ब्लांकाला खुणावलं, घे, हे घे. ती तिथे नव्हती. कॅमेरा गवतावर पडला होता आणि ती पायरीपाशी गुडघ्यांवर बसून आजोबांच्या बुटाची गाठ सोडवत होती.