वेगवेगळ्या तारखा

साओदाहने नासी लमाकच्या, म्हणजे नारळाच्या दुधातल्या भाताच्या, पुड्यांची टोपली टपरीच्या टेबलावर अशी आदळली, की चार कपांतली कॉफी बशीत आली.

"वेगवेगळ्याच पाहिजेत," ती म्हणाली. "संसदेची वेगळी, राज्याची वेगळी."

संसद बरखास्त झाल्याची बातमी टीव्हीवर येऊन तासही झाला नव्हता. राज्याची विधानसभाही सोबतच बरखास्त करायची की नाही, यावर मुख्यमंत्र्यांनी अजून तोंड उघडलं नव्हतं. त्यामुळे बाकी सगळ्यांनी उघडलं होतं.

"एकाच दिवशी उरकावं," कोपऱ्यातून दहलान म्हणाला. तो साओदाहचा नवरा. "एक सुट्टी, एक शाई, एक कटकट."

"अहो, घरात तरी एकमत करा," टपरीवाला पाक मियोन बशा पुसत म्हणाला.

"घर माझं आहे," साओदाह म्हणाली. "मत त्यांचं त्यांना लखलाभ."

यावर कोणी हसलं नाही. मलेशियातल्या नगरी सम्बिलान राज्याच्या त्या भागात घर आईकडून लेकीकडे जातं. दहलान एक्केचाळीस वर्षं बायकोच्याच छपराखाली राहत होता आणि तिथूनच हुकूम सोडत होता.

त्यातला एक हुकूम फार महाग पडला होता. आठ वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाने, शुक्रीने, जिल्हा कचेरीतली कारकुनी सोडली आणि सिंगापूरच्या एका हॉटेलात स्वयंपाकी म्हणून जायचं ठरवलं. ऐन ईदच्या दिवशी, घरभर पाहुणे असताना, दहलान म्हणाला, "पुन्हा ईदला या घरात पाय ठेवू नकोस." मुलगा हट्टीपणात बापावर गेलेला. त्याने हुकूम अक्षरशः पाळला आणि वरकड म्हणून वर्षाच्या उरलेल्या दिवसांनाही लावला.

मतदानाबद्दल मात्र दहलान काही बोलला नव्हता. शुक्रीने मतदार यादीतला पत्ता बदलला नाही. निवडणूक आली की तो रात्रभर बसने प्रवास करून यायचा, गावच्या शाळेत मत द्यायचा, शाळेमागच्या रंबुतानच्या झाडाखाली आईच्या हातचं जेवायचा आणि घराकडे न वळता परत जायचा. साओदाह एकदा सिंगापूरला जाऊन आली होती. सहाजणांच्या खोलीत तिला बसवायला जागा नव्हती. दोघं जिन्यात बसली. "माक, तू पुन्हा नको येऊस," तो म्हणाला होता. फोन दर शुक्रवारी व्हायचा, पण फोनवर वाढता येत नाही.

मागच्या खेपेला दोन निवडणुका नऊ महिन्यांच्या अंतराने झाल्या होत्या. म्हणजे दोन जेवणं. आता एकत्र झाल्या, तर पाच वर्षांत एक. साओदाह सदुसष्ट वर्षांची होती. तिला राज्यघटनेतलं फार कळत नसे, पण एवढं कळत होतं.

तिने अर्ज लिहून घेतला आणि दोन दिवसांत त्रेचाळीस सह्या गोळा केल्या. तो घेऊन, डोडोलच्या मिठाईचा डबा काखेत मारून, ती आमदारांच्या कचेरीत गेली. आमदारांना तिकडे सगळे वायबी म्हणतात. त्यांचं खरं नाव बहुधा मतपत्रिकेवरच वाचायला मिळतं.

वायबींनी अर्ज दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"माक चिक," गावातल्या कुठल्याही मावशीला म्हणतात तसं ते म्हणाले, "दहा वर्षांत लोकांनी माझ्याकडे गटारं मागितली, जावयांना नोकऱ्या मागितल्या. निवडणुकीची तारीख मागायला पहिल्यांदाच कोणी आलंय. का हवी वेगळी?"

"राज्याचं राज्याच्या ताटात, देशाचं देशाच्या ताटात," साओदाह म्हणाली. "एकत्र कालवलं की कशाचीच चव कळत नाही."

वायबींनी हे वाक्य टिपून घेतलं. पुढे ते त्यांच्या तीन भाषणांत आलं.

तिने डबा पुढे सरकवला, तशी त्यांची सेक्रेटरी धावली. "नको, माक चिक! डॉक्टरांनी गोड बंद केलंय. साखर फार वाढलीय."

गुळाने काळाभोर झालेल्या त्या डोडोलकडे वायबींनी हातच्या गेलेल्या मतदारसंघाकडे पाहावं तसं पाहिलं. साओदाहने दया येऊन डबा परत घेतला.

गुरुवारी मुख्यमंत्र्यांनी तोंड उघडलं. विधानसभाही बरखास्त. दोन्ही मतदानं एकाच दिवशी.

"मी म्हणालो नव्हतो?" दहलान म्हणाला, पण नेहमीसारखं दुसऱ्यांदा म्हणाला नाही.

साओदाह रडत बसली नाही. एकच जेवण मिळणार, तर ते पाच वर्षांचं करायचं. मतदानाच्या दिवशी पहाटे चारला तिने मिरच्या वाटायला घेतल्या. चार पुडांचा डबा भरला, तो पुरेना, म्हणून शेजारणीचा आणला.

शाळेत वयाप्रमाणे खोल्या होत्या. म्हातारे पहिल्या खोलीत, तरणे शेवटच्या. शुक्री मागच्या खेपेला पाचव्या खोलीत होता, या वेळी चौथीत आला होता. कानाजवळ पांढरंही दिसत होतं. दोन मतपत्रिका, दोन पेट्या, पाच मिनिटांत काम झालं.

दहलानचं मत साडेआठलाच देऊन झालं होतं. एरवी तो सरळ घरी जायचा. आज तो शाळेमागच्या फलकावरच्या सूचना वाचत उभा राहिला. दीड तास. चष्मा घरी होता.

शुक्रीने दोन्ही डबे संपवले. फलकाकडे त्याने एकदा पाहिलं, मग भाताकडे.

"आता पाच वर्षांनी, माक," निघताना तो हसून म्हणाला.

"हळू जा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी निकाल आले. वायबी पुन्हा निवडून आले होते. संध्याकाळी दहलानने टीव्ही बंद केला.

"एखादी जागा रिकामी झाली," तो भिंतीकडे बघत म्हणाला, "तर साठ दिवसांत पोटनिवडणूक घ्यावी लागते."

"कोण म्हणालं?"

"घटनेत आहे."

दहलानने पेपरातल्या निधनवार्तांखेरीज काही वाचल्याचं साओदाहला आठवत नव्हतं.

"तो डोडोल उरलाय का?"

"आहे की."

"वायबींना नेऊन दे. अभिनंदनाचा." जरा थांबून तो म्हणाला, "सगळाच ने."

साओदाहने नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग उठून तिने डबा सर्वांत वरच्या फळीवर ठेवला.

"त्या बिचाऱ्याला जगू द्या," ती म्हणाली आणि फोन त्याच्यासमोर ठेवला. "मी नंबर सांगते."

"मला काय बोलायचंय त्याच्याशी?"

"सहा," साओदाह म्हणाली. "पाच."

दहलान हलला नाही. तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. सगळं तिसऱ्यांदा सांगितल्यावर त्याने शाईने काळं झालेलं बोट पुढे केलं आणि एकेक आकडा दाबला. पलीकडे घंटी वाजली, मग भांड्यांचा आवाज आला आणि त्यातून शुक्रीचा.

"हां, माक, बोल."

दहलानने घसा साफ केला.

"पुढची निवडणूक कधी आहे," त्याने विचारलं, "काही कळलं का?"

पलीकडे भांडी थांबली.

"अबाह... अहो, कालच तर झाली."

"हो ना," दहलान म्हणाला. "फार लांब आहे."